सुरतेत विचारलेले प्रश्न

सॉक्रेटिसाने स्वतः एक ओळही लिहून ठेवली नाही. अथेन्सच्या बाजारात माणूस गाठायचा आणि विचारायचं, शौर्य म्हणजे काय? उत्तर आलं की त्यावर पुढचा प्रश्न. या खोडीपायी इ.स.पूर्व 399 मध्ये त्याला विषाचा पेला घ्यावा लागला.

प्रश्न विचारण्याची तीच खोड आपल्या सुरतेतही दिसली. इथे 1844 साली दुर्गाराम मेहताजी आणि इथे शिक्षक असलेले मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी सोबत्यांसह मानवधर्म सभा काढली. मांत्रिकांना भर सभेत आव्हान: मंत्रात ताकद असेल तर इथे, सगळ्यांसमोर दाखवा! माणसाची थोरवी गुणांवरून ठरवा, जातीवरून नको, हेही उघडपणे सांगितलं.

दादोबा मुंबईला परतल्यावर जात न मानणाऱ्यांची परमहंस सभा निघाली. तिथे सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. पण सारं गुप्त. याला भित्रेपणा म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. विष एकट्याने पिता येतं, वाळीत मात्र सगळं घर पडतं. मुलींची लग्नं कोण जमवणार होतं? शेवटी 1860 च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटणार म्हणून घबराट उडाली आणि सभा मोडली.