भ्रमनिरासाची पूर्वअट

जॉर्ज एलियट या लेखिकेच्या ‘मिडलमार्च’ (१८७१-७२) या कादंबरीत डोरोथिया विवाहानंतर अवघ्या काही आठवड्यांत रोममधील बिऱ्हाडात एकटीच रडताना दिसते. कॅसॉबनने तिचा छळ केलेला नाही. साऱ्या पुराणकथांचे रहस्य उलगडू पाहणारा त्याचा ग्रंथ म्हणजे टिपणांचा न संपणारा ढीग आहे, एवढेच तिला उमगू लागले आहे. या अश्रूंना दुःख म्हणावे की भ्रमनिरास? हा प्रश्न केवळ संज्ञेचा नाही. दुःख दुसऱ्याकडून लादले जाऊ शकते. भ्रमनिरास मात्र ज्याने भ्रम जोपासला, त्याच्याच वाट्याला येतो. डोरोथियाने वडीलधाऱ्यांची नापसंती डावलून कॅसॉबनची निवड केली होती. म्हणूनच तिच्या निराशेत आत्मपरीक्षणाला जागा उरते. कॅसॉबनलाही स्वतःची भीती आहे, स्वतःचे रितेपण आहे, हे ती हळूहळू ओळखते. भ्रमनिरासाचे रूपांतर येथे नैतिक ज्ञानात होते.

हे रूपांतर सार्वत्रिक मूल्य म्हणून गौरवण्याचा मोह समीक्षेला होतो. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी या मोहाला अडवते. यमुनेची बालमैत्रीण दुर्गी हिचा संसार म्हणजे नुसते हाल आहेत. पण तिचा भ्रमनिरास झाला असे म्हणता येत नाही. जिला कोणी विचारलेच नाही, तिने अपेक्षा तरी कशाच्या बळावर बाळगावी? तिच्याकडून पतीविषयी समंजस करुणेची मागणी करणे म्हणजे अन्यायालाच सद्गुणाचे नाव देणे होय.

रखमाबाईंनी हाच भेद न्यायालयापुढे आणला. दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली त्यांच्यावर दावा लावला. पती अपेक्षेप्रमाणे निघाला नाही, एवढीच त्यांची तक्रार नव्हती. अकराव्या वर्षी, संमतीविना झालेला विवाह बंधनकारक कसा, हा त्यांचा मूळ आक्षेप होता. १८८७ साली नांदायला जाण्याचा आदेश झाला, तेव्हा त्यापेक्षा तुरुंगवास पत्करण्याची तयारी त्यांनी दाखवली.

अर्थात निवडही कधी निखळ नसते. डोरोथियाला मिळालेले तोकडे शिक्षण आणि ज्ञानाकडे जाण्याचा विवाहाखेरीज न दिसलेला मार्ग यांनीच तिचा भ्रम घडवला, याची एलियटला पुरती जाण आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यात आजही अनेक विवाह ‘बघण्याच्या कार्यक्रमा’त ठरतात. तेथे मुलीचा होकार विचारला जातो. परंतु नकाराची किंमत तिला ठाऊक असते. हा होकार डोरोथियाच्या निवडीइतका स्वाधीन नसतो आणि दुर्गीच्या विवाहाइतका मुकाही नसतो. अशा संसारातील पहिल्या निराशेचा विचार करताना ‘तिने समजून घ्यावे’ असे म्हणण्यापूर्वी तिच्या होकारात तिचे स्वतःचे किती होते, हे तपासावे लागते. जेवढी निवड, तेवढीच जबाबदारी. करुणेची अपेक्षाही त्याहून अधिक करता येत नाही.