शुद्ध हेतु आणि कोरफड

हेतु शुद्ध असला म्हणजे मनुष्य दोषमुक्त होतो काय, हा नीतिशास्त्रांतला जुना प्रश्न मीं वर्गांत अनेक वर्षें शिकविला. त्याचें उत्तर मात्र मला गेल्या पावसाळ्यांत, बुलढाण्याच्या माझ्या घराच्या ओसरीवर, एका कोरफडीनें शिकविलें.

ती कोरफड माझ्या आईनें लाविलेली. आई गेल्यावर तिचें संगोपन हें मीं कर्तव्य मानलें. शेतांतली उत्तम काळी माती आणून ती चिनी मातीच्या एका सुंदर भांड्यांत हलविली आणि रोज सकाळीं तांब्याभर पाणी घालण्याचा नेम धरला. श्रावणांत तिचीं पानें मऊ पडून लोंबूं लागलीं. तहानलेलें झाड असेंच दिसतें, म्हणून मीं पाणी वाढविलें. शेवटीं कुजका वास येऊं लागला तेव्हां तिला उपटून पाहिलें. मुळें काळीं, चिकट, बोटांनीं दाबतांच गळून पडणारीं.

झालें होतें तें असें. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि ती मातीच्या कणांमधील पोकळींत असते. आमची वऱ्हाडची काळी माती चिकण; पाणी धरून ठेवण्याचा तिचा गुण कपाशीला मानवतो, कोरफडीला नाहीं. भांड्याला भोंकहि नव्हतें. पोकळ्या पाण्यानें भरल्या, मुळें गुदमरलीं, आणि ओलींत फोफावणाऱ्या पिथियम, फायटॉफ्थोरा यांसारख्या सूक्ष्म जीवांना रान मोकळें झालें. संत्र्याच्या बागाइतदारांना डिंक्या रोगाच्या रूपानें फायटॉफ्थोराची ओळख आहेच. सडलेलें मूळ पाणी शोषूं शकत नाहीं. म्हणून बुडणारें झाड तहानलेलें दिसतें, आणि प्रेम करणारा आणखी पाणी घालतो.

एक स्नेही म्हणाले, “तुमचा भाव चांगला होता; दोष कसला?” त्यांनीं कांटचा आधार दिला. कांटनें १७८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक ग्रंथांत शुभ संकल्प हाच निरपवाद चांगला, मग फळ मिळो वा न मिळो, असें प्रतिपादिलें आहे, हें खरें. परंतु तेथेंच तो बजावतो कीं, शुभ संकल्प म्हणजे नुसती इच्छा नव्हे. आपल्या हातीं असलेलीं सर्व साधनें योजणें त्यांत येतें. आणि ज्ञान हें पहिलें साधन नव्हे काय? मातींत बोट खुपसून ओल पाहणें माझ्या हातीं होतें. मीं तें केलें नाहीं. खरें बोलावयाचें तर त्या तांब्यानें मी माझाच शोक शिंपीत होतों. झाडाची गरज विचारण्याची मला गरज वाटली नाहीं. तेव्हां दोष होता, आणि तो हेतूंतच होता.

स्वच्छ सुरीनें सडका भाग पांढरा, निरोगी गर लागेपर्यंत छाटला. मूळ एकहि उरलें नाहीं. आठवडाभर सावलींत ठेवून जखम सुकूं दिली. मग जाड वाळू व विटांचे तुकडे यांत थोडी माती मिसळून भोंकाच्या कुंडींत ती लाविली, आणि आणखी आठवडाभर पाणी दिलें नाहीं. पानांत सांठविलेल्या पाण्यावर कोरफड तग धरते. मला मात्र ते रिकामे दिवस जड गेले. महिन्याभरानें हलकेंच ओढून पाहिलें. तिनें माती धरली होती.

त्या दिवसांत मुलाची आठवण वारंवार येई. लहानपणीं त्याचें प्रत्येक गणित मीं सोडवून दिलें. पुढें परक्या शहरांत तो अडखळला, तेव्हां आधार कमी पडला असें समजून मीं रोजचा फोनवरील उपदेश वाढविला. तेंच लक्षण, तोच उपाय! पण साम्य येथें संपतें. झाडाचा सडका भाग छाटण्याचा अधिकार मला होता. माणसावर सुरी चालविण्याचा नाहीं. तेथें छाटावयाचा तो आपलाच पुढें पुढें करणारा हात.

आतां मी त्याला रोज फोन करीत नाहीं. तो करतो तेव्हां ऐकतों. गेल्या आठवड्यांत त्यानें विचारलें, “बाबा, आजीची कोरफड कशी आहे?”

मीं म्हटलें, “बरी आहे. पाणी घातलेलें नाहीं.”

तो बराच वेळ हंसत होता.