सद्हेतू पुरेसा नाही

१८८२ साली आगरकर आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. सुटल्यावर त्यांचे मोठे स्वागत झाले, आणि पत्रकारितेच्या इतिहासावर प्रकल्प लिहिणारे विद्यार्थी बहुधा तिथेच थांबतात. पण खटला कशावरून झाला, हे पाहिले की प्रश्न अवघड होतो. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतो आहे आणि त्यामागे दिवाण बर्वे आहेत, असे त्यांच्या ‘केसरी’ व ‘मराठा’ या वृत्तपत्रांनी छापले. ज्या पत्रांवर त्यांची भिस्त होती ती बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली. हेतू निर्मळ आणि मजकूर खोटा, अशा वेळी लिहिणाऱ्याला सत्यवादी म्हणायचे का?

आपल्या न्यायदर्शनात याचे उत्तर आहे. शब्द, म्हणजे दुसऱ्याचे सांगणे, हे ज्ञानाचे प्रमाण मानताना न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन दोन अटी घालतो: सांगणाऱ्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणलेली असावी आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याला इच्छा असावी. जात, कुळ तिथे मध्ये येत नाही. ऋषी असो वा म्लेच्छ, कसोटी एकच. ‘केसरी’कारांपाशी दुसरी अट पुरेपूर होती, पहिली नव्हती. म्हणून त्यांचा त्याग थोर मानूनही त्या बातमीला प्रमाण म्हणता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, संस्थानाच्या बंद दाराआड काय चालले आहे हे पुण्यात बसून तपासायचे कसे? पुरावा हाती येईपर्यंत गप्प बसले असते तर अन्यायाला मोकळे रानच मिळाले असते. आक्षेप वजनदार आहे, कारण काळजी खोटी नव्हती: पुढच्याच वर्षी अहमदनगरला पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत छत्रपतींचा मृत्यू झाला. पण शंका ही शंका म्हणून छापता येते, चौकशी मागता येते, माहिती कोणाकडून आली आणि कितपत पारखली हे वाचकाला सांगता येते. गप्प बसणे आणि ठाम आरोप करणे यांच्यामध्ये एवढी मोठी जागा आहे. खोट्या पत्रांनी खऱ्या काळजीचेच नुकसान केले. खटला चालला तो बर्व्यांच्या अब्रूचा, छत्रपतींच्या हालांचा नव्हे. विद्यार्थ्यांनी जुने अंक चाळताना संपादकाच्या धैर्याची नोंद जरूर घ्यावी. पण त्याआधी प्रत्येक बातमीला एक प्रश्न विचारावा: हे याला कळले कसे?