कपाटाची किल्ली

कर्मवीर भाऊराव पाटलांचं घराणं सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. १९१९ मध्ये काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभं केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवली, राबून शिकली. ज्यांच्या घरात कधी पुस्तक नव्हतं, त्यांच्या हाती ते आलं. आता तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत ग्रंथालय बंधनकारक आहे. त्यात वर्तमानपत्रं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत. पण फाटतील म्हणून ती कुलपात ठेवली, तर काय उपयोग? हाताळून हाताळून कोपरे दुमडलेलं पुस्तक हीच शाळेची खरी कमाई. गुरुजनहो, कपाटाची किल्ली आजच मुलांच्या हाती द्या.