येतं, लागतं, नये

पाठीला सुका भोपळा बांधून मी गावच्या विहिरीत पोहायला शिकलो. स्पॅनिश शिकायला घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे सांगायची वेळ आली आणि मी ‘पुएदो नादार’ म्हणालो. बाईंनी लगेच दुरुस्त केलं: ‘से नादार.’ म्हणजे ‘मी पोहणं जाणतो.’ अंगी मुरलेल्या विद्येला स्पॅनिशमध्ये ‘साबेर’ लागतं, त्या वेळी जमण्या-न जमण्याला ‘पोदेर’. माझं पुस्तक इंग्रजी होतं आणि तिथे दोहोंना एकच ‘कॅन’. मराठीच्या वाटेने गेलो असतो तर चुकलो नसतो. नगर जिल्ह्यातल्या कोरड्या सालात आम्ही म्हणतोच की, ‘पोहता येतं, पण पोहू शकत नाही, विहिरीला पाणीच नाही.’ से नादार, पेरो नो पुएदो.

मराठीजवळ तिसरंही एक रूप आहे. म्हातारपणी वडील काठावर बसून राहत. त्यांना पोहता येत होतं, विहीर भरलेली होती, पण ‘आता पोहवत नाही’ म्हणत. मोरो केशव दामल्यांनी 1911 च्या व्याकरणात ज्यांना शक्य क्रियापदं म्हटलं, त्यांतलं हे. देह किंवा मन साथ देत नाही, एवढं सगळं त्या एका ‘व’मध्ये मावतं. स्पॅनिशला इथे ‘या नो पुएदो’, म्हणजे ‘आता मी शकत नाही’, एवढ्यावरच भागवावं लागतं. हे रूप आपण हल्ली कमी वापरतो, त्याची मला खंत वाटते.

खरा फरक मात्र कर्त्याच्या जागेत आहे. स्पॅनिशमध्ये ‘मी’ जाणतो, ‘मी’ शकतो. मराठीत विद्या ‘मला येते’, जणू कुठून तरी चालत आली. आणि ज्याची मनाई ते ‘करू नये’. हे ‘नये’ म्हणजे मुळात ‘न ये’, येत नाही. ज्या येण्यातून कुवत सांगितली, त्याच येण्याच्या नकारातून मर्यादाही.

सक्तीचंही तसंच. ‘मला जायचं आहे’ आणि ‘मला जावं लागतं’ यांतलं अंतर मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. स्पॅनिशमध्ये दुसऱ्याला ‘तेंगो के इर’ म्हणतात. ‘तेंगो’ म्हणजे माझ्याजवळ आहे. भुकेलाही हेच क्रियापद: ‘तेंगो आंब्रे’, माझ्याजवळ भूक आहे. आपल्याकडे भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, आणि जावं लागतं. दोन्ही भाषांनी भूक आणि सक्ती एकाच क्रियापदाला बांधली. त्यांच्याकडे माणूस ती बाळगतो, आपल्याकडे ती येऊन त्याला भिडते.

इच्छेच्या बाबतीत दोन्ही भाषा एका मुळाशी भेटतात. ‘केरेर’, म्हणजे हवं असणं, हे लॅटिनमधल्या शोधण्याच्या क्रियापदातून आलं. आपलं ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’चं जुनं कर्मणी रूप: पाहिलं जातं, शोधलं जातं. असली ‘-इजे’ची रूपं ज्ञानेश्वरीत पदोपदी भेटतात. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, प्रवरेकाठच्या नेवाशात सांगितल्या गेलेल्या त्या भाषेतला हा अवशेष आज आपण दुकानात उभं राहून ‘अर्धा किलो गूळ पाहिजे’ म्हणताना वापरतो. ‘म्हणजे’ हाही त्याच घरातला शब्द.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात. गेल्या वर्षी स्टँडवर बोचक्यांशेजारी बसलेल्या एका बाईंना मी विचारलं, ‘यंदाही निघालात?’ ‘जावं लागतं, दादा,’ एवढंच त्या म्हणाल्या. घरी येऊन सरावाच्या वहीत ते स्पॅनिशमध्ये उतरवू लागलो. ‘आय के इर’ लिहिलं, ‘जायला हवं’ अशा अर्थाचं. त्यात माणूसच नाही, म्हणून खोडलं. ‘देबो इर’मध्ये कर्तव्याचा सूर आला, तेही खोडलं. ‘तेंगो के इर’ राहिलं. व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर. पण त्या बाईंजवळ काय होतं, तर कोयता, दोन बोचकी, कडेवर लेकरू. जाणं त्यांच्याजवळ नव्हतं, त्यांना लागलं होतं.