कापरेकर मास्तरांचा 6174
(गुरुवारचा सत्संग, देवास)

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


मागच्या गुरुवारी धारहून एक ताई आल्या होत्या. मुलीचं ठरलेलं लग्न थांबलंय. पत्रिका जुळली, घरं जुळली, पण कोणीतरी सांगितलं, दोघांचे अंक जुळत नाहीत. मुलगा 1995 चा, मुलगी 1998 ची. ताई म्हणाल्या, "महाराज, काही उपाय?" मी म्हटलं, आधी कागद-पेन आणा.

नाशिकजवळ देवळालीला एक शाळामास्तर होते, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. नावातच दत्त आहेत बघा. जन्म 1905, डहाणूचा. शाळेत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात आकड्यांत रमायचं. आपल्याकडच्या मोठ्या गणितज्ञांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं, तेव्हा जगाला त्यांचं नाव कळलं.

त्यांनी काय शोधलं? चार आकडी संख्या घ्या. तिचेच आकडे उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. उत्तराला पुन्हा तेच. मध्ये शून्य आलं तर तेही धरायचं, सोडायचं नाही.

मुलीचं साल 1998. 9981 वजा 1899, आले 8082. 8820 वजा 0288, आले 8532. 8532 वजा 2358, आले 6174. आता मुलाचं. 9951 वजा 1599, 8352. 8532 वजा 2358, पुन्हा 6174! आता 6174 ला हेच करा: 7641 वजा 1467, परत 6174. तिथे पोचलं की हलत नाही.

मुलगी तीन पावलांत, मुलगा दोन. आपल्या टेकरीवर कोणी पायऱ्यांनी चढतं, कोणी रोपवेने, दर्शन एकाच मातेचं ना? कोणालाही सातपेक्षा जास्त पावलं लागत नाहीत. आणि गंमत ऐका, खुद्द मास्तरांचं जन्मसाल 1905 घातलं तर पुरी सात लागतात! फक्त 2222 सारखे चारही आकडे एकच असतील तर उत्तर शून्य येतं. त्यातून अर्थ काढत बसू नका, वजाबाकीच तशी आहे.

याच मास्तरांनी आणखी एका जातीच्या संख्यांना 'हर्षद' नाव दिलं, हर्ष देणारी. आकड्यांच्या बेरजेने संख्येला पूर्ण भाग जायला हवा. आपली माळ 108 ची: बेरीज 9, भाग 12 वेळा. 6174 ची बेरीज 18, भाग 343 वेळा. आता म्हणून 6174 दारावर लिहू नका हं! तो ताईत नाही. मी ताईंनाही हेच सांगितलं.

ताई, तुमच्या धारच्या भोजराजाने भास्करभट्टांना 'विद्यापती' पदवी दिली. त्यांच्याच वंशात पुढे लीलावती लिहिणारे भास्कराचार्य झाले. पाटणच्या शिलालेखात हे कोरलेलं आहे. अंकविद्येचा एवढा मान ठेवणाऱ्या गावात अंकाच्या नावाने एका मुलीला रडवायचं?

घरोघरी मुलांकडून आपापलं साल करून घ्या. उत्तर ग्रुपवर टाकू नका, सगळ्यांचं एकच येणार.

ताई तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवून गेल्या. येत्या रविवारी मुलाच्या घरी मी स्वतः त्यांच्याबरोबर जातोय.