ऋण आणि न्यायासन

घेणेकरी आहे, देणेकरी आहे, देण्याचा आकडा उभयतांच्या सहीनिशी कागदावर उतरलेला आहे, आणि तरीही ज्याच्यापुढे उभे राहून फिर्याद मांडावी असे न्यायासन मात्र कोठेही नाही, अशा ऋणाची गत काय, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा वाटतो. वस्तुतः तो धर्मविचाराचा आहे, आणि अफगाणिस्तानात वीस वर्षे चाललेल्या पुनर्रचनेने तो आपल्या काळापुढे उभा केला आहे.

त्या वीस वर्षांत अमेरिकेने पुनर्रचनेच्या नावाने सुमारे 145 अब्ज डॉलर मंजूर केले. रस्ते, शाळा, इस्पितळे, पोलीस ठाणी, फौजेच्या छावण्या अशी कामे निघत. अमेरिकी खाते ती एखाद्या मुख्य कंत्राटदाराला देई, तो पोटकंत्राटदाराला, तो आणखी खालच्याला. आणि उतरंडीच्या तळाशी खडी, सिमेंट, सळया नि मजूर प्रत्यक्ष जमवणारा, काबूलचा किंवा कंदाहारचा कोणी अफगाण असे. खात्याने मुख्य कंत्राटदाराचे बिल चुकते केले म्हणजे रक्कम तळापर्यंत पोहोचेलच, याची शाश्वती कोणी दिलेली नव्हती. उलट अशा करारनाम्यांत एक कलम नेहमी आढळते, ते असे की वरून पैसे हाती आल्यावरच खाली पैसे दिले जातील. खडीवाला ट्रक रिकामा करून पावती घेऊन जातो, मजुराला संध्याकाळी रोजी द्यावीच लागते, आणि या तळच्या पोटकंत्राटदाराचे स्वतःचे येणे मात्र त्याने कधीही न पाहिलेल्या कचेरीतल्या व्यवहारावर टांगलेले राहते. या पुनर्रचनेवर देखरेखीसाठी अमेरिकी काँग्रेसने 2008 मध्ये स्थापलेल्या विशेष महानिरीक्षकाच्या कचेरीने 2013 मध्ये इशारा दिला होता की पोटकंत्राटदारांच्या थकलेल्या पैशांपायी कामे बंद पडत आहेत आणि जिवाच्या धमक्यांपर्यंत मजल जात आहे.

मग या तळच्या माणसाने दाद कोठे मागावी? अमेरिकेचा 1978 चा कंत्राटी तंट्यांचा कायदा सरकारशी थेट करार करणाऱ्यालाच ओळखतो. पोटकंत्राटदाराचा सरकारशी करारसंबंधच नसल्याने त्याचे भांडण हे दोन खासगी व्यक्तींचे भांडण ठरते. स्थानिक कोर्टाने हुकूमनामा दिला, तरी तोवर कंपनी गाशा गुंडाळून गेलेली असते, तिची मालमत्ता दुसऱ्याच देशात असते, आणि अमेरिकी सरकारला त्या कोर्टात खेचावे तर सार्वभौमत्वाचे कवच आडवे येते. इराकमध्ये तर हा अभाव हुकमानेच निर्माण केला गेला: तेथील अमेरिकाप्रणीत हंगामी प्रशासनाच्या 17 व्या आदेशान्वये, सत्तांतराच्या आदल्या दिवशी, 27 जून 2004 रोजी सुधारून काढलेल्या स्वरूपात, परदेशी कंत्राटदारांना त्यांच्या कराराच्या अटींबाबत इराकी कायदा लागूच नाही असे ठरवण्यात आले.

सरकारपक्षाचे म्हणणे मी क्षुल्लक मानीत नाही. करदात्याने एकाच भिंतीचे पैसे दोनदा का द्यावेत, आणि ज्या खासगी करारांत आपण नव्हतोच त्यांतले खरेखोटे आपण कसे निवडावे, हे प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांतून एवढेच निष्पन्न होते की ऋण फेडण्याचा पहिला भार सरकारवर नाही. ते ऋण ऐकून घेण्याचा भारही नाही, असे मात्र निष्पन्न होत नाही. जो स्वतःच्या बळावर परक्या मुलुखात उतरतो, तेथे खर्चाचा ओघ सुरू करतो आणि तेथील न्यायसत्तेपासून आपली माणसे सोडवून घेतो, त्याने त्या सत्तेचे कर्तव्यही आपल्या शिरावर घेतलेले असते. अधिकारक्षेत्र हा केवळ मान नव्हे. ज्याला दुसरा वाली उरलेला नाही त्याला उत्तर देण्याची ती बांधिलकी आहे.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी वेतन न देणे हे एक स्वतंत्र व्यवहारपद मानले, आणि पित्याचे ऋण पुत्रपौत्रांपर्यंत वाहते ठेवले. म्हणजे ऋणाचे अस्तित्व न्यायसभेवर अवलंबून नाही, न्यायसभा ते केवळ वसूल करते, अशी त्यांची धारणा होती. कौटिल्याने धर्मस्थांची न्यायासने मोठ्या नगरांत सांगितली, तशीच जनपदांच्या सीमासंधीवरही सांगितली. जेथे एकाचा अंमल संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो तेथेच तंटे निराधार होतात, हे त्याने ओळखले असले पाहिजे. आणि ज्या अफगाण माणसाचे येणे बुडाले, त्याच्या धर्मपरंपरेतील एक कथा मला या सर्व विवेचनाहून अधिक बोलकी वाटते. कर्ज शिरावर ठेवून मेलेल्या एका माणसाची जनाज्याची नमाज पढण्यास पैगंबरांनी नकार दिला. अबू कतादा या सहकाऱ्याने ते कर्ज आपल्या अंगावर घेतले, तेव्हाच ती पढली गेली. मृत्यूनेही जे सुटत नाही, ते कोर्टाची हद्द संपल्याने कसे सुटेल? आणि सुटायचे असेल तर कोणीतरी जामीन राहिलाच पाहिजे.

ही जामिनाची युक्ती अमेरिकेला अपरिचित नाही. 1935 च्या मिलर कायद्याने तेथील सरकारी बांधकामांवर मुख्य कंत्राटदाराकडून मजूर व पुरवठादार यांच्या पैशांसाठी स्वतंत्र जामीनकतबा घेण्याची सक्ती केली, आणि काम जेथे झाले त्याच जिल्ह्याच्या संघीय न्यायालयात त्यावर दावा लावण्याची मुभा दिली. परदेशातील कामांपुरती मात्र ही अट माफ करण्याचा अधिकार कंत्राट देणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती ठेवला. ओहायोतल्या सुताराला जे संरक्षण मिळते ते कंदाहारच्या गवंड्याला एका अधिकाऱ्याच्या मर्जीने नाकारता यावे, याचे समर्थन कोणत्याही नीतिशास्त्रात मला सापडत नाही.

15 ऑगस्ट 2021 रोजी काबूलचा अंमल पालटला आणि तेथील थकलेल्या दाव्यांचा उरलासुरला आधारही गेला. आता युक्रेनच्या पुनर्रचनेचा दहा वर्षांचा खर्च जागतिक बँक आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2025 च्या आरंभी 524 अब्ज डॉलर अंदाजला होता. तेथील पहिल्या करारनाम्यापासूनच तळच्या माणसासाठी जामीन घेतला जावा, त्याचा तंटा कामाच्या जागीच आणि त्याच्याच भाषेत ऐकला जावा, आणि पोटकंत्राटदारांच्या पावत्या हाती येईपर्यंत मुख्य कंत्राटदाराचे शेवटचे बिल रोखून धरले जावे, एवढी मागणी पैसा देणाऱ्या प्रत्येक राष्ट्राच्या लोकप्रतिनिधींनी आपापल्या सभागृहात आजच करावयास हवी.